उदुंबर आणि धनेश



हुमच्याच्या पद्मावती मातेचं दर्शन आणि पुढे वरंग, कारकळ, मूडबिद्री ही यात्रा तुमच्यापैकी बऱ्याच जणींची झाली असेल. हुमच्याहून तीर्थहळ्ळीमार्गे खाली उतरताना वाटेत आगुंबे लागतं. बहुतेक गाड्या तिथे सूर्यास्त बघायला थांबतात आणि घाट उतरतात. आम्ही यंदा डिसेंबरात दोन रात्री राहिलो, पक्षी बघायला. हट्ट लेकीचा होता. ती प्राणिशास्त्र शिकते. दशलक्षण पर्वात घरी आली तेव्हा आजीला म्हणाली होती, "तुमचे नियम म्हणजे नुसतं पाठांतर. कुणी तपासून बघितलंय का?" तेव्हापासून आजी-नातीचं बोलणं "जेवलीस का" एवढ्यावर आलं होतं. या प्रवासात दोघी गाडीत शेजारी बसतील, एवढाच माझा स्वार्थ.

आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हे सदाहरित वर्षावन. डिसेंबरातही जमीन ओली असते आणि ओढ्याकाठी जळवा असतात. वाटाड्याने मिठाची पुरचुंडी काढली, तशा सासूबाई मागे सरल्या. मीठ टाकलं की जळू मरते. लेकीने मग जळवेच्या तोंडाशी नख सरकवून तिला अलगद सोडवलं आणि पानावर ठेवलं. तुम्ही गेलात तर हेच करा आणि गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घाला. आम्ही आत न शिरता डांबरी रस्त्याच्या कडेनेच फिरलो. सासूबाईंना पायाखालचं दिसायला हवं होतं, आणि झाडांचे शेंडेही रस्त्यावरूनच चांगले दिसतात.

पक्षी बघणाऱ्यांचं वेळापत्रक आपल्याला फार सोयीचं. पहाटे उठायचं, उजेड आहे तोवर फिरायचं. "पाखरंसुद्धा रात्री खात नाहीत," सासूबाई म्हणाल्या. त्यावर वाटाड्याने एका फांदीवर वाळक्या पानांसारखी दिसणारी बेडूकतोंड्या पक्ष्यांची जोडी दाखवली. हे दिवसभर झोपतात आणि रात्री किडे खातात! लेक हसली, पण आजीला टोचून काही बोलली नाही.

शिळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकली, लाल पोटाचा कर्णा दोनच सेकंद दिसला, शेकरू दिसलं. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या सकाळचं. वडाच्या जातीचं एक अवाढव्य झाड लालसर फळांनी लगडलं होतं. त्यावर तांबट, हरोळ्या आणि मोठमोठ्याने हसल्यासारखे ओरडणारे पाच राखी धनेश. चोचीच्या टोकात फळ धरायचं, वर उडवायचं, गिळायचं. वाटाड्या सांगत होता की जंगलात बाकी झाडांना फळं नसतात तेव्हाही यातलं कुठलं ना कुठलं झाड फळलेलं असतं. त्यांच्यावर कितीतरी जीव जगतात.

त्याने खाली पडलेलं एक फळ उचलून नखाने फोडायला घेतलं. सासूबाई एकदम म्हणाल्या, "नको, उघडू नका."

"आजी, आत काय असतं माहितीये?"

"त्रस जीव. सातव्या वर्षी पाठशाळेत शिकले."

मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळं, म्हणजे वड, पिंपळ, पाकर, उंबर, कठूमर, यांचा त्याग हे आपले मूलगुण. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात ते आहेत, कारण ही फळं त्रस जीवांचं घर. लेकीने मग रस्त्यातच आजीला सगळं समजावलं. हे फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा. इवलीशी गांधीलमाशी बारीक छिद्रातून परागकण घेऊन आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती अंडी घालते आणि आतच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात. नरांना पंख नसतात, ते बाहेरची वाट कोरतात आणि माद्या पराग घेऊन उडून जातात.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या बाहेर पडल्याच नाहीत तर?"

"तर पुढच्या झाडाला बी धरणार नाही. मग झाडं नाहीत, आणि हे धनेशही नाहीत."

बराच वेळ दोघी दुर्बिणीची अदलाबदल करत उभ्या होत्या. मी मागे होते. मला खरं तर चहा हवा होता.

गाडीत बसल्यावर लेकीने दुसरी बाजू काढलीच. पुरंदरच्या अंजिराला माशी लागत नाही, ते परागाशिवाय धरतं, मग ते का चालू नये? तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू खा. मी साठ वर्षं सोडलंय, मला आता त्याची चव नको." आवाजात राग नव्हता. वरंगला तळ्यातल्या बसदीत जाताना नावेत चढायला त्यांनी हात पुढे केला, तो लेकीकडे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात अजून कुठल्या जीवांचं असं लिहिलंय, हे कारकळपर्यंत विचारत होत्या.

निघताना दिरांच्या घरून अंजीर-बर्फीचा डबा मिळाला होता. लेकीने तो शेवटपर्यंत उघडला नाही. घरी पोचल्यावर अर्धा रिकामा निघाला, तो कुणी केला ते धाकट्याला विचारा.