हमालाचें काळीज

आमच्या घरीं दोन जुनीं वाहनें होतीं. एक १९७४ सालची पोर्शे ९१४, आसनांच्या मागें इंजिन असलेली, दोनच माणसांची ठेंगणी मोटार. दुसरी १९७६ सालची फोक्सवॅगनची व्हॅन. कॅलिफोर्नियांत स्थिरावल्यावर पहिली आम्हीं हौसेनें घेतली, दुसरी गरजेनें. हौसेची वस्तु बहुतेक काळ आच्छादनाखालीं राहिली. गरजेच्या वस्तूनें आमचा संसार योसेमिटीपासून बिग सरपर्यंत वाहिला. रात्रीच्या प्रवासांत आमची कन्या व्हॅनच्या मागच्या बांकावर निजत असे, आणि तिच्या उशाशीं तें इंजिन एका सुरांत घरघरत असे.

दोघींवर एकाच वर्षीं संकट आलें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें व्हॅनचा सांगाडा इतका कुजला कीं, सांधावयासही धड पत्रा उरला नाहीं. इंजिन मात्र ठणठणीत. मोटारीचें उलट झालें. अंग निकोप, परंतु एका चढावर तिच्या इंजिनाच्या हेडमधील झडपेची बैठक सुटून सिलिंडरांत पडली आणि पिस्टनचे तुकडे झाले. हवेनें थंड होणाऱ्या या जातीच्या इंजिनांचें हें जुनें दुखणें आहे. हेड फार तापलें कीं त्याचें ॲल्युमिनियम फुगतें, आणि बैठकीवरची पकड ढिली होते.

एकीचें इंजिन दुसरीस बसवावें हें कोणासही सुचेल. आम्हीं तसें बोलून दाखवितांच जुन्या मोटारींचे शौकीन असलेले एक गृहस्थ उद्गारले, "राजपुत्राच्या छातींत हमालाचें काळीज बसवतां काय?" मूळ इंजिन गेलें म्हणजे मोटारीची किंमतही उतरते, हें त्यांनीं वर ऐकविलें. तें बोलणें आम्हांस बरेच दिवस टोंचलें. पण या राजपुत्राची वंशावळ तरी काय सांगते? १९६९ सालीं ही मोटार अवतरली तीच मुळीं दोन घराण्यांच्या सोयरिकींतून. युरोपांत ती फोक्सवॅगन-पोर्शे या जोडनांवानें विकली गेली, आणि तिचें चार सिलिंडरांचें इंजिन फोक्सवॅगनच्या ४११ या घरगुती मोटारीच्या कुळांतलें. त्याच कुळांतलें इंजिन पुढें व्हॅनमध्यें गेलें. तेव्हां आम्ही करीत होतों तें फार तर चुलतभावाचें दत्तविधान म्हणावें. मोटारीचें इंजिन १७९५ घनसेंटिमीटरचें, व्हॅनचें १९७१ चें. हमाल अंगानें थोराडच! मात्र स्वभावानें शांत. ओझें घेऊन सावकाश चढण्याकरितां घडविलेला.

खरा विरोध झाला तो कन्येचा. ती आतां दुसऱ्या गांवीं नोकरी करते. "बाबा, इंजिन काढलंत म्हणजे व्हॅन संपली," एवढेंच ती टेलिफोनवर म्हणाली. व्हॅन आज ना उद्यां दुरुस्त होईल, असें आम्ही एकमेकांस कित्येक वर्षें सांगत आलों होतों, आणि तें खोटें दोघांनाही सोयीचें होतें. पुढच्या शनिवारीं ती न कळवितां आली, आणि कांहीं न बोलतां तिनें पाना हातीं घेतला.

व्हॅनमध्यें इंजिन गिअरबॉक्सच्या मागें असतें, या मोटारींत पुढें. त्यामुळें सगळेंच तोंड फिरवून बसवावें लागतें. पण वेळ खाल्ला तो पत्र्यांनीं. ज्या इंजिनास पाणी नाहीं त्याचें जीवित वाऱ्यावर. पंखा वरची गार हवा ओढतो, पत्र्याचीं आवरणें ती सिलिंडरांच्या कंगोऱ्यांतून नेतात, आणि तापलेली हवा खालीं सुटते. ती पुन्हां वर येऊं नये म्हणून भोंवतीं रबरी पट्टी हवी. आमच्या आळसानें ती पट्टी एका कोपऱ्यांत चार बोटें तोकडी राहिली. पहिल्याच फेरींत तेलाच्या उष्णतेचा कांटा चढूं लागला, तशी मोटार मुकाट्यानें घरीं आणली. रात्रीं कन्येनें विजेची बत्ती धरून ती फट शोधून काढली. सकाळीं रबराचा तुकडा कापून आम्हीं ती बुजविली.

मग आम्ही दोघें समुद्राच्या रस्त्यानें निघालों. चढावर मोटार उडी घेत नव्हती, पण ओढतांना कण्हतही नव्हती. कांटा जेथल्या तेथें होता. कन्येनें आसनास डोकें टेंकलें. आवाज पाठीमागूनच, अगदीं कानाशीं येत होता. तिनें डोळे मिटले. घाट उतरेपर्यंत उघडले नाहींत.

पुढच्या आठवड्यांत भंगारवाला व्हॅनचा सांगाडा घेऊन गेला. मागचा बांक तेवढा आम्हीं काढून घेतला आहे. तो कोठें ठेवावा, यावर घरांत अजून एकमत नाहीं.