पापुद्रे

मोहाच्या बियांचं तेल. पावसाच्या तोंडाशी पिकलेली फळं गळत. बिया फोडायच्या, वाळवायच्या, मग तेल काढायचं. थंडीत ते तुपासारखं थिजे. चुलीशेजारी ठेवलं की पातळ होई. त्यात कालवण शिजे, त्यावर दिवा जळे. निजण्याआधी तेच टाचांच्या भेगांत भरत. आता दुकानातून तेलाची पिशवी येते. ती कढईतच संपते.

मोहाचं झाड. त्याला बी धरायला दहाएक वर्षं लागतात. बांधावरची झाडं आजा-पणजानं राखलेली. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग तलासरी तालुक्यातून जातो. बुलेट ट्रेनचा मार्गही इथूनच. आखणीत आलेली झाडं मोजली गेली, मग तोडली गेली.

कातडीचा सर्वांत वरचा थर. मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे, एकावर एक. अंगावर बहुतेक ठिकाणी तो वहीच्या कागदाहून पातळ असतो. पेशींच्या मधल्या फटींत मेद भरलेला असतो: सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. आतलं पाणी तो आत राखतो. बाहेरचं बाहेर ठेवतो. तळहात आणि तळपायांना तेलग्रंथी नसतात. तिथे वरून लावलं तेवढंच तेल.

कारवीचा कूड. काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप. पावसात लेप धुपे, उन्हात तडके. पाऊस सरला की बायका ओल्या हातानं भेगा बुजवत. लग्नघरात त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक उठे. आता विटांच्या भिंती आहेत, वर सिमेंटचे पत्रे. पत्र्याखाली दुपार तापते. लिंपायचं काही राहिलेलं नाही.

चाळिशीनंतरची कातडी. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते. शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं. कातडीतला मेद कमी तयार होतो. पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. पोटऱ्या खाजतात. रात्री जास्त खाजतात. नखांच्या खुणा सकाळी पांढऱ्या दिसतात.

रिठे आणि शिकेकाई. डोकं धुवायला मातीही चाले. अंगाला डाळीचं पीठ, तेही सणाला. एरवी नुसतं पाणी आणि हाताचा चोळा. भांडी राखेनं घासत. राखही हात खाई. आता नळाशेजारी साबणाची वडी असते आणि धुण्याची पावडर. कातडीचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे आंबट. साबणाचा नऊ-दहा. आंबटपणा परत यायला काही तास लागतात. तेवढ्यात पुढची भांडी पडतात.

वजरी. भाजलेल्या मातीची, खरखरीत, मुठीत मावणारी. न्हाणीच्या दगडावर ती असे. पाय भिजले की टाच घासायची, वर तेल लावायचं. घासणं आणि तेल एकाच बैठकीत होत. न्हाणीला आता फरशी आली. दगड गेला, त्याबरोबर वजरीची जागा गेली. टाचांवरून आता कधी ब्लेड फिरतं.

इरलं. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकलेली, दोन्ही हात भाताच्या आवणीला मोकळे. पाऊस वरून निथळे, आत वारा खेळे. आता प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून गुंडाळतात. आतून घाम धरतो. कागद मानेला आणि दंडांना चिकटतो. पाऊस सरता मानेभोवती पुरळ असतं.

चिखल्यांवरचा पाला. आवणीत पाय दिवसभर पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन फाटे. मेंदीचा पाला वाटून भरत. करंजाचं तेल लावत. पाय चुलीपुढे शेकत. आता ट्यूब येते. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते.

तीच ट्यूब मग चेहऱ्यावर येते. वांग जावा म्हणून, उजळ दिसावं म्हणून. पहिले काही आठवडे चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते. उन्हात जळजळते. गालांवर लाल शिरा उमटतात, हनुवटीवर केस येतात. ट्यूब थांबवली की आग वाढते, म्हणून ती थांबत नाही. कातडीला लावायची १४ स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं. ट्यूबवर तांबडी रेघ असते.

गवत. पावसाळा संपला की कापणी सुरू होई. पात्याची धार बोटांत शिरे. डहाणूच्या वखारींतून गवत रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना जाई. मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वारली आदिवासींनी वेठ नाकारली. कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. त्याच वर्षी कापणीचा दर मागितला गेला: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गवताच्या माळांवर आता कुंपणं आहेत. पहाटे नाक्यावर टेम्पो थांबतात. बायका उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. कोणी डहाणूच्या फुगे कारखान्यांत. दिवाळीनंतर कोणी वीटभट्टीवर. गवताच्या चिरा दिसत. आताच्या भेगा बारीक आहेत. कालवणाचं तिखट लागलं की कळतात.

सुईण. बाळंतीण आणि बाळ, दोघांना ती तेल चोळी. वाटी चुलीशी कोमट होत असे. बहुतेक सुइणी पन्नाशीच्या पुढच्या. तेल बाळाच्या अंगात जिरे, थोडं तिच्या तळव्यांत. सुईणीचे हात मऊ असत. बाळंतपणं आता ग्रामीण रुग्णालयात होतात. आया वाचतात, बाळं वाचतात. सुईणीचे हात आता इतर हातांसारखे आहेत.

गोंदण. कपाळावर, हनुवटीवर, मनगटापासून कोपरापर्यंत. ठिपके, रेघा, झाड. सुई टोचताना मुलगी ओरडे, बायका गाणी म्हणत. साठीच्या बायकांच्या हातांवर ते अजून आहे. कातडी सैल झाली तसे ठिपके पसरले. झाडाच्या फांद्या एकमेकींत मिसळल्या. त्यांच्या लेकींचे हात कोरे आहेत.

घरातली डबी. कैलास जीवनची किंवा व्हॅसलिनची. व्हॅसलिनचं पेटंट १८७२चं. औषध म्हणून त्यात काही नाही. ते कातडीवर नुसतं बसून राहतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. ओठ, टाच, भाजलेलं बोट, सगळ्यांना तीच डबी. फळीवर आता त्या जागी सुवासिक बाटल्या आहेत. काहींच्या वासानंच फाटलेली कातडी चरचरते.

दुरुस्ती. अंघोळीला कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही. ओल असतानाच लेप: व्हॅसलिन, खोबरेल किंवा सेरामाइडचं मलम. भांड्यांना, धुण्याला रबरी मोजे, आत सुती मोजे. वास असलेलं काही नको. स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, डॉक्टरला दाखवून उतरवायचं. तरुण कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. पन्नाशीत त्याहून जास्त दिवस लागतात. तेवढे दिवस हात पाण्याबाहेर राहायला हवेत.

पाण्याबाहेरचे दिवस. पूर्वीही फार नव्हते. वैशाखात आवणीआधी थोडे, कापणी आणि झोडणीच्या मध्ये थोडे. तेव्हा बायका ओट्यावर बसत, एकमेकींच्या डोक्याला तेल घालत, उवा काढत. संध्याकाळ त्यात जाई. आता कारखान्याला आठवड्याची एक सुट्टी असते. त्या दिवशी आठवड्याचं धुणं असतं.

अंगठ्याच्या रेषा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पूर्वी नवरा-बायको दोघं सावकाराच्या शेतावर राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्जाच्या कागदावर अंगठा घेत. शाई लावलेला अंगठा ठळक उमटे. आता रेशन दुकानात ई-पॉस यंत्र आहे. काचेवर अंगठा ठेवायचा, मग तांदूळ. गवत, विटा, भांडी, साबण यांनी रेषा झिजलेल्या असतात. वयानं सपाट झालेल्या असतात. कोरडा अंगठा यंत्र ओळखत नाही. बाई तो पदराला पुसते, पुन्हा ठेवते. मग केसांवरून फिरवून पुन्हा ठेवते. डोक्याला तेल असलं तर कधी कधी उमटतो.