सात मातींचा कॅट

भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांचा एक कॅट मी मनात रंगवला आहे. त्यात सात पाने आहेत आणि सातही मातीची. वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याला लागून असलेल्या कारध्यात बसून नशिबाचे पत्ते रंगवायचे, तर मातीखेरीज दुसरे कोणते चित्र काढावे?

मातीकडे भविष्य विचारण्याची आपली रीत जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात चार ढेकळे, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, भोवती धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणीत काय हलले, काय भिजले ते पाहून पाऊसपाण्याचे भाकीत होते. हवामानशास्त्र ते मानत नाही. तरीही पेरणीपूर्वी माणसाने जमिनीपाशी वाकून विचारावे, यातली नम्रता मला फार मोलाची वाटते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतही 120 गोल पानांपैकी 12 वराहाची आहेत. बुडालेली पृथ्वी वर काढणारा तो अवतार खेळणाऱ्याच्या हातात येतो.

माझ्या पानांची नावे भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांचीच : कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी, रेताड, कछार. प्रत्येक पान उचलणाऱ्याला एक काम सांगते.

कन्हार काळी, भारी, चिकण. तिच्यात घाईने नांगर घातला तर ढेकळे पडतात. वाफसा येईपर्यंत थांबावेच लागते. हे पान आले, तर ज्याच्यापाशी पुष्कळ आहे त्याने थांबायला शिकावे. मोरांडही काळीच, पण तिच्यात चुनखडीचे खडे मिसळलेले. खडे वेचत बसलो तर हंगाम जातो. खड्यांसकट पेरायचे, हे तिचे सांगणे.

सिहार पिवळसर, वाळूमिश्रित, धानाची लाडकी. धान आधी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, दाट पेरतात. पऱ्हे वीतभर वाढले की ते उपटून, चिखलणी केलेल्या दुसऱ्या बांधीत रोवतात. मुळे सुटल्याशिवाय लोंबी नाही. ज्याच्या हाती सिहार येईल, त्याने रुजलेली जागा सोडण्याची तयारी ठेवावी. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतून कामासाठी दूर गेलेली कितीतरी माणसे हे पान मनात घेऊन जगतात.

खरडी उथळ, बरडी खडकाळ. पाऊस थांबला की दोन्ही लवकर सुकतात. एकट्याने झुंजण्याची ही पाने नव्हेत. याच जिल्ह्यात कोहळी शेतकऱ्यांनी उतारावरचे पाणी पाळ घालून अडवले, तलाव बांधले, बोड्या म्हणजे लहान तळी खोदली आणि खालच्या बांध्या भिजवल्या. आज आपण ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांतल्या कितीतरी पाळींमागे त्यांचे कष्ट आहेत. बरडी आली, तर शेजाऱ्याला हाक मारावी.

रेताडीचे सांगणे सर्वांत अवघड आहे : घेऊ नका. वैनगंगेची रेती पाणी गाळते, उन्हाळ्यातही पोटात ओल राखते. ती उपसून नेली की काठच्या विहिरींनाही झळ बसते. हात पोहोचत असूनही आवरता येतो का, ही या पानाची कसोटी.

शेवटचे पान कछार, नदीने आणून टाकलेला गाळ. कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर. पावसाळ्यात सारा भंडारा जिल्हा या आकड्याकडे डोळे लावून असतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस नदी तो ओलांडून भंडारा शहरात आणि काठच्या गावांत शिरली. घरे, धान, साठवलेले धान्य, सगळे चिखलात गेले. त्या चिखलाला कोणी सुपीक म्हणू नये. ज्याचे गेले त्याला ते बोलणे जाचते. पण पाणी ओसरल्यावर याच काठच्या माणसांनी घमेली उचलली आणि एकमेकांची घरे धुऊन काढली. कछार आले, तर तेवढेच करायचे.

या कॅटाचा नियम एकच : पान बदलून मागायचे नाही. जमीन निवडून कोणी जन्माला येत नाही. कोणाला कन्हार मिळते, कोणाला बरडी, आणि हा भेद अन्यायाचाही असतो. म्हणून प्रत्येकाने आपले पान ओळखावे आणि दुसऱ्याच्या हातात कोणते आले तेही विचारावे. भविष्य सांगणाऱ्याकडून मला एवढेच हवे आहे : उद्या काय होईल ते राहू दे, उद्या सकाळी कोणाच्या बांधीत उतरायचे ते सांग.