कच्चा सांधा

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घराच्या फाटकाची एक बिजागरी निखळली. काम चार बोटांचे; परंतु तेवढ्यासाठी कोणी कारागीर येईना. आठ दिवस फाटक दोरीने बांधून ठेवले. नवव्या दिवशी ती दोरी सोडताना मनात एक विचार आला आणि मी ओशाळलो. वडिलांनी आयुष्यभर लोखंडाचा व्यापार केला. मी बँकेत असताना फॅब्रिकेशन कारखान्यांची कित्येक कर्जप्रकरणे मंजूर केली. अँगल, चॅनेल, पट्टी यांचे भाव आमच्या घरात मुलांनाही पाठ असत. परंतु लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांस कसे जोडतात, हे मात्र एकासही ठाऊक नव्हते. भगवान आदिनाथांनी असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकविली, असे आदिपुराणात सांगितले आहे. त्यांपैकी वाणिज्य वडिलांनी सांभाळले, मसी मी सांभाळली; शिल्प मात्र आम्ही इतरांवर सोपवून मोकळे झालो होतो. ते आपल्या हातांनी शिकावे, असे मी ठरविले.

प्रथम यंत्राची निवड आली. मिग यंत्रास तारेचे रीळ लागते आणि बहुधा वायूचा सिलिंडरही; टिगचे काम नाजूक आणि संथ. घरगुती दुरुस्तीस रॉडचे साधे आर्क यंत्र पुरते. पूर्वीची ट्रान्सफॉर्मरची यंत्रे उचलण्यास दोन माणसे लागत. आताचे इन्व्हर्टर यंत्र एका हाताने उचलता येते आणि सिंगल फेजवर चालते. दुकानात ‘४०० अँपिअर’ असे ठळक छापलेली यंत्रे स्वस्तात मांडली होती. मी सवयीप्रमाणे बारीक अक्षरे वाचली. यंत्र पूर्ण भारावर दहा मिनिटांपैकी किती मिनिटे चालू शकते, हे ‘ड्यूटी सायकल’ या आकड्यावरून कळते. साठ टक्के म्हणजे सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. कर्जदाराने मागितलेली रक्कम आणि त्याची परतफेडीची ताकद या दोन गोष्टी वेगळ्या, हे ज्याने आयुष्यभर तपासले, त्यास हा फरक समजण्यास वेळ लागला नाही. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर पुरतात. म्हणून २०० अँपिअरचे, ड्यूटी सायकल स्पष्ट लिहिलेले यंत्र घेतले. उरलेल्या पैशांत आपोआप काळी होणारी काच असलेले शिरस्त्राण, चामडी हातमोजे आणि एप्रन घेतला. वायरमनकडून वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग करून घेतले.

शिकविण्याचे काम ओळखीच्या एका मिस्त्रींनी आनंदाने स्वीकारले. पहिल्या दिवशी रॉड लोखंडास चिकटतच राहिला. “काका, रॉड दाबू नका. रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवा आणि आवाज ऐका. भजी तळल्यासारखा आवाज आला की बरोबर चाललंय,” असे त्यांनी सांगितले. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपच्या धुराने ताप भरतो, म्हणून तो घासल्याशिवाय जोडू नये, हेही त्यांनी बजावले. तिसऱ्या दिवशी घाईने शिरस्त्राण न चढविताच मी एक टाका मारला. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होऊ लागली. डॉक्टरांकडे जावे लागले आणि दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले.

त्या अंधारातच सौभाग्यवतींनी विचारले, “अग्नीत तेजस्कायिक जीव आहेत, आणि त्या उजेडावर किडे झेपावणार. या वयात हे कशासाठी?” मला चटकन उत्तर देता आले नाही. गृहस्थास उद्योगी हिंसा सर्वथा टळत नाही. तथापि यत्नाचार त्याच्या हाती असतो. म्हणून नियम केले. सूर्यास्तानंतर यंत्र लावायचे नाही. कामाची जागा आधी मऊ केरसुणीने झाडून घ्यायची. चातुर्मासात यंत्र बंद. एवढे केल्यावर मनास समाधान वाटले.

पुढे पांजरपोळातील गव्हाणीसाठी लोखंडी चौकट करण्याचे काम मी मागून घेतले. चारही कोपरे जोडले. वरची खपली हातोडीने उडविली, तेव्हा सांधा चकचकीत दिसला. मी अभिमानाने मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी काही न बोलता एका कोपऱ्यावर घण घातला. कोपरा सुटून बाजूला पडला.

“वरून छान दिसतंय काका, पण आत धरलंच नाही.”

मी गंज आणि जुना रंग नीट घासला नव्हता, विद्युतप्रवाहही कमी ठेवला होता. मूळ लोखंड वितळलेच नव्हते. रॉडचा धातू त्यावर नुसता बसला होता. त्या चौकटीस टेकून उभे राहणारे वासरू माझ्या डोळ्यांसमोर आले आणि अंगावर काटा उभा राहिला. उजेडावरच्या किड्यांचा विचार मी केला होता. माझ्या कच्च्या कामाखाली सापडू शकणाऱ्या जिवाचा केला नव्हता. मी यत्नाचार केरसुणीपाशीच संपविला होता. सांधा पक्का करणे हाही यत्नाचारच, हे मला त्या घणाच्या घावाने शिकविले. आपल्या दुकानातून जाणारा माल, आपल्या सहीने जाणारा कागद यांनाही हे लागू आहे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

चारही कोपरे कापून, चकाकेपर्यंत घासून, प्रवाह ८५ अँपिअरवर नेऊन पुन्हा जोडले. या वेळी घण मी स्वतः घातला. सांधे टिकले.

फाटकाची बिजागरीही आता जागेवर आहे. पांजरपोळात मात्र जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा आधी त्या चार कोपऱ्यांना हात लावून पाहतो. मगच वासरांकडे वळतो.