चिकट हातांची संध्याकाळ

परतूरला दिवेलागणीला अंगणात बसलं की शेजारच्या घरांतून मोबाइलवरची बालगीतं ऐकू येतात. पोराला घास भरवायचा तर आधी त्याच्यापुढे मोबाइल धरायचा, ही आता रीतच झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय : अगदी लहानग्यांना पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण मोबाइल नुसता काढून घेतला की घर डोक्यावर घेतलं जातं. त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं.

आमच्याकडे ते काम मोसंबी करते. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नातवाला त्याचं काय! आजी साल काढते, तो बिया मोजतो, मोठी फोड कुणाची यावर दोघांचं भांडण होतं. हात चिकट होतात आणि चिकट हातांत मोबाइल कुणी देत नाही. कधी स्टेशनवर जाऊन आम्ही गाडीचे डबे मोजतो. खर्च काहीच नाही, रात्री झोप मात्र गाढ लागते.

मुलांना वेळ द्या, असं सगळेच सांगतात. माझं एवढंच मागणं : आधी आपला फोन खिशात ठेवा. पोरं आपलंच बघून शिकतात.