सूक्ष्मवाहिनीतला वायू आणि बिघडलेली समीकरणे

सूक्ष्मवाहिनीतून वाहणारा वायू सलग पदार्थ मानता येईलच असे नाही. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला हवेचा रेणू एका टकरीपासून पुढच्या टकरीपर्यंत सरासरी ०.०६८ मायक्रॉन जातो. या अंतराला वाहिनीच्या उंचीने भागले की क्नुडसेन अंक मिळतो. तो ०.००१ च्या आत असेल तोवर वायूला सलग पदार्थ मानणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे बिनतक्रार चालतात. ०.१ पर्यंत मॅक्सवेलने १८७९ मध्ये दिलेल्या दुरुस्तीवर भागते: भिंतीलगतचा थर स्थिर न धरता त्याला सरकू द्यायचे. एक मायक्रॉन उंचीच्या वाहिनीत एवढ्यानेच प्रवाहाचा हिशेब सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. मूळ समीकरणाला मात्र धक्का लागत नाही, ही मलमपट्टीच.

त्यापुढे ती पुरत नाही. क्नुडसेनने १९०९ मध्ये दाखवले, की वायू विरळ करत नेला की वाहिनीची वहनक्षमता आधी घटते आणि अंक एकच्या आसपास पोचल्यावर पुन्हा वाढू लागते. म्हणजे समीकरणालाच हात घालणे आले. रेणूंच्या वेगांचा आणि टकरींचा हिशेब ठेवणाऱ्या बोल्ट्झमनच्या समीकरणाचा चॅपमन-एन्स्कॉग पद्धतीने विस्तार केला, तर एका पायरीवर नेव्हिए-स्टोक्स मिळते आणि तिच्या पुढच्या पायरीवर बर्नेटची १९३५ मधली समीकरणे.

एक पायरी पुढे, म्हणजे उत्तर जास्त अचूक, ही अपेक्षा रास्तच. घडते उलटे. संगणकावर जाळी जाड असेपर्यंत आकडे शहाण्यासारखे वागतात. अचूकतेसाठी ती बारीक केली, की एखाद्या चौकटीतला दाब उगाच हेलकावू लागतो, हेलकावा शेजारी पसरतो आणि सगळे गणित फुटते. विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. चूक तिथे नसते. बोबिलेव्ह यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले, की फार आखूड लहरी या समीकरणांत विरण्याऐवजी वाढतात. बर्नेटचे नाव त्यामुळे उगाच बदनाम झाले. दोष विस्ताराच्या रीतीत होता, बर्नेटच्या कष्टांत नव्हे.

पवईच्या आयआयटीत अमित अग्रवाल यांच्या गटाने ही रीतच बदलली. नरेंद्र सिंग, रवी जाधव आणि अग्रवाल यांनी २०१७ मध्ये ऑनसागरच्या व्युत्क्रम तत्त्वाशी सुसंगत असे रेणूंच्या वेगांचे वितरणफल घेऊन नवी, स्थिर राहणारी बर्नेट समीकरणे मांडली. अग्रवाल यांना २०१८ चा भटनागर पुरस्कार मिळाला.

रेणूंचे थेट अनुकरण करण्याची बर्डची पद्धत हाताशी असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. पण सूक्ष्मवाहिनीतला वेग रेणूंच्या औष्णिक वेगापुढे नगण्य असतो. त्या गोंगाटातून प्रवाह वेचून काढायला संगणकाचा वेळ बेसुमार लागतो. तरीही खोलीच्या दाबावर चालणाऱ्या आणि एक मायक्रॉनहून उंच असलेल्या बहुतेक वाहिन्यांत क्नुडसेन अंक ०.१ च्या आतच राहतो, आणि तिथे मॅक्सवेलची तीच मलमपट्टी पुरते.