वाटेवरचा मुक्काम

६७१ साली इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू कँटनहून एका इराणी गलबतावर चढला तो नालंदेच्या ओढीने. वीस दिवसांच्या आत गलबत सुमात्रातल्या श्रीविजयला, म्हणजे आजच्या पालेंबांगच्या परिसरात लागलं. तिथे तो सहा महिने राहिला आणि संस्कृत व्याकरण शिकला. भारतातल्या ताम्रलिप्तीच्या किनाऱ्यावर त्याने पाऊल ठेवलं ते ६७३ मध्ये. पुढची नालंदेतली दहाएक वर्षं सगळ्यांच्या लक्षात राहतात, हे सहा महिने मात्र एका ओळीत उरकले जातात. मला त्याच्या प्रवासाचं मर्म त्यांतच दिसतं. परक्या समाजाची ओळख त्याच्या वेशीवर थांबून, त्याची भाषा जिभेवर बसवल्यावर सुरू होते. पुढे त्याने मागून येणाऱ्यांनाही हेच सांगितलं: एक-दोन वर्षं श्रीविजयला राहा, तिथल्या हजारावर भिक्षूंमध्ये रीतभात अंगवळणी पाडा, मग भारतात जा.

या तयारीचं फळ त्याच्या वृत्तांतात पानोपानी आहे. भिक्षू जेवणाआधी हातपाय धुतात, वेगवेगळ्या बुटक्या आसनांवर बसतात, उजव्या हाताने जेवतात. दातवण बारा अंगुळं लांब असतं, आखूडात आखूड आठ. त्याला चीनमध्ये विलोची फांदी म्हणत, ती चूक तो दुरुस्त करतो. मुलं आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रं हाती घेतात आणि आठ महिन्यांत पाठ करतात, हेही तो नोंदवतो. स्तूप आणि विहार कुणालाही दिसले असते. दातवणाचं खरं नाव कळायला मात्र सकाळी शेजारी बसून विचारावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, इतका वेळ कुणाजवळ असतो? खरं आहे, आणि चार दिवसांच्या सहलीला मी कमी लेखत नाही. त्या चार दिवसांवरून एखाद्या देशाचा स्वभाव सांगू नये, एवढंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रहिवाशाची नजर सरावाने बोथट होते, नवख्यालाच वेगळेपण टोचतं. याच्या पुष्टीला ह्युएनत्संग या दुसऱ्या चिनी भिक्षूने सातव्या शतकात केलेलं महाराष्ट्राचं वर्णन पुढे करता येईल. इथली माणसं अपमानाचा सूड घेण्याआधी शत्रूला इशारा देतात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी वस्त्रं देतात, असं त्याने लिहिलं. पण या गोष्टी रस्त्यावर दिसत नाहीत, कुणीतरी सांगाव्या लागतात. आणि इथल्या राजाच्या, पुलकेशीच्या, राज्यात येईपर्यंत ह्युएनत्संगची भारतात दहाएक वर्षं गेली होती. नवखेपणाने प्रश्न पडतो हे मान्य, पण उत्तर ऐकायला कान तयार लागतो. मुक्कामाने पूर्वग्रह जातातच असंही नाही. इत्सिंगला विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम दिसले, विहाराबाहेरची शेतं आणि बाजार फारसे दिसले नाहीत. तरी त्याचे दोष आपल्याला नेमके दाखवता येतात, कारण त्याने काय पाहिलं हे त्याने बारकाईने लिहून ठेवलं.

भारतातून परतताना तो पुन्हा श्रीविजयलाच थांबला. ६८९ मध्ये कागद, शाई आणि लेखनिक मागवणारं पत्र द्यायला तो एका जहाजावर गेला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडं उभारली गेली आणि तो थेट कँटनला पोचला. अठरा वर्षांनी मायभूमी पायाखाली आली होती. पोथ्या मागे राहिल्या होत्या, म्हणून परत जाणं भाग होतं हे खरंच. पण चार सहकारी घेऊन तो त्याच वर्षी श्रीविजयला गेला आणि पोथ्या उचलून लगेच निघाला नाही. तिथे भाषांतरं करत बसला, ६९२ मध्ये वृत्तांत पुढे पाठवला, आणि स्वतः लुओयांगला पोचला ६९५ मध्ये.